विश्लेषण : सामायिक संगणकावर प्रोसेसर कोणाच्या वाट्याला किती?

पेरणी करावी की थांबावे, हा अकोला-अमरावतीच्या सोयाबीन, कपाशी उत्पादकांचा जूनमधला प्रश्न. त्यासाठी ज्या अंदाजाकडे डोळे लागतात, त्याची आकडेमोड पुण्यातील आयआयटीएमच्या ‘अर्का’ महासंगणकावर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या यंत्राची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. मे २०२५ मध्ये आलेली ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ त्यावरच चालते. अंदाज उशिरा आला, तर त्याचा उपयोग काय? म्हणूनच अशा सामायिक यंत्रांवर कोणाला किती प्रोसेसर द्यायचा, हे आधीच ठरवावे लागते. महासंगणकांवर कामे रांगेत लावली जातात. तातडीच्या कामाला अग्रक्रम मिळतो.

महाविद्यालयाच्या लॅबमध्ये काय?

तिथे रांग नसते; सगळे एकाच वेळी लिनक्स सर्व्हरवर येतात. जुना उपाय ‘नाइस’ या आज्ञेचा. उणे २० ते १९ या पट्टीवर आकडा जितका मोठा, तितके काम मागे. पण तो प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्र लागतो. त्यामुळे एकाने ५० प्रक्रिया सुरू केल्या आणि दुसऱ्याने एकच, तर पहिलाच बहुतेक वाटा खातो.

ही पळवाट ‘सीग्रुप्स’ने बुजवली. गुगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे काम २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. यात वाटा वापरकर्त्याच्या पूर्ण गटाला मिळतो; आत ५० प्रक्रिया असोत की एक.

कमाल मर्यादा की वजन?

समजा, अमरावतीतल्या एखाद्या लॅबमध्ये ८ कोअरचा सर्व्हर आणि ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाला कमाल मर्यादा घातली, तर वाट्याला कोअरचा पाचवा हिस्सा येतो. रात्री एकटाच विद्यार्थी काम करत असला, तरी त्याला तेवढेच मिळणार आणि बाकी यंत्र रिकामे बसणार. हा शुद्ध अपव्यय आहे. ‘वजन’ पद्धतीत मात्र गर्दी असेल तेव्हाच समान वाटप होते. एकटा असेल तर आठही कोअर त्याचे. शैक्षणिक लॅबसाठी हीच पद्धत उजवी. कमाल मर्यादा शोभते ती पैसे मोजून भाड्याने दिलेल्या सर्व्हरवर.

मात्र प्रोसेसरवर लगाम घातला म्हणजे मेमरीही आवरली, असे नाही. एखाद्या प्रोग्रामने सगळी रॅम भरली, तर सर्व्हर तरीही अडकतो. तिची मर्यादा वेगळी घालावी लागते.