ओले पाय आणि रात्रीची लाईट

कडाक्याच्या थंडीवरची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’. धाराशिवच्या वाचकाला वाटेल, उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर वितळत असताना गारव्यासाठी वाचायची ही गोष्ट. तिची खरी वेळ मात्र डिसेंबरातली, रात्री एकची. गव्हाच्या वाफ्यात दारं धरून उभं असतानाची.

गोष्ट युकॉनच्या रानात घडते. थंडी उणे 75 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे 59 अंश. थुंकी जमिनीवर पडायच्या आत हवेतच तडतडते. उणे 50 फॅरनहाइटच्या खाली एकट्याने वाट धरू नये, असं सल्फर क्रीकच्या एका जुन्या जाणत्याने सांगितलेलं असतं. गोष्टीतला गडी त्याला हसतो आणि निघतो. सोबतीला फक्त कुत्रा. ओढ्यावरचा बर्फाचा पापुद्रा फुटतो आणि पाय नडगीपर्यंत भिजतात. तो जाळ करतो, पण नेमका स्प्रूसच्या झाडाखाली. काटक्या ओढताना फांद्या हलतात आणि वर साठलेला बर्फ धपकन जाळावर येतो. बोटं बधिर झालेली. खिशातल्या सत्तर काड्या तो दोन तळहातांत धरून एकदम ओढतो, कातडी जळाल्याचा वास येतो, पण जाळ काही टिकत नाही. कुत्र्याला मारून त्याच्या पोटात हात शेकावेत, असंही त्याच्या मनात येतं. पण सुरी धरायला हातात जीव कुठे? शेवटी तो बर्फात बसून राहतो आणि कुत्रा माणसांच्या तळाकडे निघून जातो.

लंडन 1897 साली सोन्याच्या गर्दीत क्लोंडाइकला जाऊन आला होता, ही थंडी त्याने अंगावर घेतलेली होती. गोष्ट त्याने दोनदा लिहिली. 1902 साली मुलांच्या मासिकासाठी लिहिली तेव्हा नायकाला टॉम व्हिन्सेंट हे नाव होतं आणि तो वाचतो. 1908 साली त्याने नाव काढून घेतलं, कुत्रा दिला आणि माणूस मारला. गाजली ती दुसरी.

आता धाराशिव. बालाघाटाच्या या पठारावर हिवाळ्यात पारा कधीमधी दहाच्या खाली उतरतो. उणे 59 पुढे हे म्हणजे ऊबच म्हणायची. पण माणूस गारठायला बर्फच पडावा लागतो असं नाही. कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब वीस-पंचवीस पटींनी लवकर ओढून नेतं. ओले पाय, अंगावर वारा आणि रिकामं पोट असेल तर शून्याच्या बऱ्याच वरही अंग थरथरायला लागतं, बोटं ऐकेनाशी होतात. बोअरचं पाणी हिवाळ्यात तोंडाशी कोमट लागतं, त्याला हात लावून बरं वाटतं. लांबच्या दंडाच्या टोकाला पोहोचेपर्यंत तेच पाणी बर्फासारखं झालेलं असतं, आणि फावडं घेऊन माणूस उभा असतो तो त्या टोकाला.

तो रात्री का उभा असतो? शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट पाळीने मिळते: आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे रात्री. पाळी ठरते ती वीज कंपनीच्या सोयीने. गव्हाला मात्र पेरणीपासून विसाव्या-एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळं फुटताना पाणी लागतं. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी लागतं. पिकाला वेळापत्रक वाचता येत नाही.

लंडन आपल्या माणसावर एकच ठपका ठेवतो, त्याला कल्पनाशक्ती नव्हती. उणे पन्नास हा त्याच्यासाठी नुसता आकडा होता. धाराशिवच्या शेतकऱ्याला हा ठपका लावता येत नाही. बांधावर साप असतो, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावला तर काय होतं, अंधारात विहिरीचा काठ कुठे संपतो, हे त्याला पाठ असतं. कल्पनाशक्ती कमी पडते ती ‘रात्री दहा ते सकाळी’ असा तक्ता आखणाऱ्याची. दिवसा लाईट द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. ज्या फीडरवर ती पोहोचली तिथला माणूस रात्री घरात झोपतो. इतरांना वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसतात. वीज इथेच तयार होते, उभं राहायचं मात्र अंधारात.

एकट्याने जाऊ नये, हा सल्ला देणारे म्हातारे इथेही घरोघरी आहेत. पण सोबत आणायची कुठून? कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची कितीतरी घरं हंगामात कोयत्यावर गेलेली असतात; तीही पहाटे कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत, पालासमोर पाचट पेटवून बसलेली. आणि सोबत असली तरी थंडी सोडतेच असं नाही. लष्करात एकट्याने जावंच लागत नाही, तरी बर्फ दहाजणांना एकदम घेतो. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम चौकीवर तेच झालं. त्या दहांत साताऱ्याकडचे सुनील सूर्यवंशी होते, दुष्काळी माण तालुक्यातले. सहाव्या दिवशी बर्फाखालून जिवंत निघालेले हणमंतप्पा कोप्पद 11 तारखेला दिल्लीच्या इस्पितळात वारले.

एका बाबतीत मात्र आपला गडी लंडनच्या माणसापेक्षा हुशार. तो झाडाखाली जाळ करत नाही, कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नाही. बांधाच्या आडोशाला, वारा पाठीवर घेऊन तो बसतो. तुराट्या भडकतात आणि लगेच बसतात, म्हणून त्यांच्याखाली बाभळीचं एक खोड आधीच सरकवलेलं असतं. कुत्रं जाळाच्या दुसऱ्या अंगाला मुटकुळं करून पडलेलं. तळपाय आगटीकडे केले की आधी काहीच कळत नाही, मग मुंग्या येतात, मग चांगलं आग आग होतं. पाय जरा कोरडे होत येतात तेवढ्यात पाइपातला पाण्याचा आवाज थांबतो. बॅटरी घेऊन पुन्हा डीपीकडे.