हृदय ठीक, पण रक्ताचं काय?

‘जरा चाललं की दम लागतो, छातीत धडधडतं, जिना चढवत नाही.’ आमच्या भवानीनगरात बायकांच्या तोंडी हे नेहमीचंच. दुखणं फारच वाढलं की घरचे घाबरतात. ‘हार्टचं तर नसेल?’ म्हणून बारामती नाहीतर पुणे गाठलं जातं. ईसीजी होतो, इको होते, कधी सीटी स्कॅनही. ‘हृदय नॉर्मल’ असा रिपोर्ट आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बाई पदर खोचून पुन्हा कामाला लागते. दम मात्र लागतोच!

माझं म्हणणं इथेच आहे. छातीची तक्रार असेल तर हृदय तपासायलाच हवं, पण तेवढ्यावर थांबायचं का? रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की अंगाला प्राणवायू कमी पडतो. ती तूट भरून काढायला हृदय जोरात धावतं, म्हणून ही धडधड. दुखणं रक्ताचं आणि संशय हृदयावर!

गंमत म्हणजे, कधी कधी स्कॅनमध्येही हे दिसतं. शिरेतून औषध न देता काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये हृदयातलं रक्त आणि हृदयाची भिंत साधारण एकाच करड्या रंगाची दिसते. हिमोग्लोबिन बरंच उतरलं असेल तर रक्त जास्त काळपट दिसतं आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा उठून दिसतो. एमआरआयवरूनही रक्ताच्या दाटपणाचा अंदाज बांधता येतो. हजारो रुपये मोजून काढलेल्या चित्रात ही खूण असेल, तर रिपोर्टात तिच्यासाठी एक ओळ नको का?

अर्थात, हा फक्त इशारा. खात्री रक्त तपासूनच होते. आणि रक्तक्षय शोधायला कुणी स्कॅन काढू नये. त्याला बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब पुरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय होता. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ४८ होता. म्हणजे आपण पुढे गेलो की मागे? छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईच्या नशिबात कुठलं आलंय स्कॅन? तिच्यापर्यंत तो थेंब तपासणारी आशाताईच पोहोचायला हवी.

मैत्रिणींनो, गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पण गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाणी चालेल.

‘बाईच्या जातीला थकवा असायचाच’ हे वाक्य आता पुरे. हृदयाचा रिपोर्ट कितीही चांगला येऊ दे, उठण्याआधी एवढं विचाराच, ‘डॉक्टर, माझं हिमोग्लोबिन किती?’