क्रोधाचे हलाहल आणि घरची साक्ष

महाशिवरात्रीस अंबरनाथच्या प्राचीन शिवालयात जाणाऱ्या भाविकांस ठाऊकच आहे की, येथील देव उंचावर नाही. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, शिलाहारांच्या राजवटीत उभारलेल्या या मंदिरात सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. तेथे, ज्याने जगाचे हलाहल आपल्या कंठात धरले, त्याला आपण बेल वाहतो. आणि घरी परतल्यावर फराळाला जरा उशीर झाला की तेच हलाहल घरच्या माणसांवर ओकतो!

पूर्वरंगात क्रोधाचे निरूपण करावे आणि उत्तररंगात वाल्या कोळ्याचे आख्यान लावावे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. आज मात्र आम्ही निराळे आख्यान लावीत आहोत. त्याचा नायक ख्रिस्ती आहे, एवढ्यावरून वाचकांनी भिवया उंचावू नयेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी ब्राह्मण कुळात जन्मले. संस्कृताचा व्यासंग, कवित्वाची देणगी. परंतु स्वभाव विलक्षण तापट. संतापले की भान हरपे, लहर लागली की घर सोडून चालते होत. ही साक्ष कोणा निंदकाची नव्हे, तर त्यांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांची आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी पतीचे गुणदोष निर्भीडपणे मांडले आहेत.

१८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना 'नवा करार' दिला. त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावले. हत्येइतकाच मनातल्या क्रोधाचाही झाडा घेणारी आणि वैऱ्यावरही प्रीती करावयास सांगणारी ती शिकवण! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार मात्र उद्ध्वस्त झाला. लहानग्या मुलासह काही वर्षे त्यांना आप्तांच्या आश्रयाने काढावी लागली. हे दुःख झाकून टिळकांचा गौरव करणे न्यायाचे होणार नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांचा स्वभावही एका दिवसात धुतला गेला नाही. पण पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास गेल्या, तेव्हा त्यांनी आपले सोवळे सांभाळले आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. ज्याला क्षणाचा धीर नव्हता, तो पत्नीच्या मनाची वाट पाहत राहिला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने तोच मार्ग पत्करला. आमच्या मते, पालट झाला तो येथे! १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले, साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला आणि दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, देह ठेवला. तुकोबांचे ऋण त्यांनी अखेरपर्यंत मानले; आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या सेतूवरूनच, असा त्यांचा भाव होता.

कोणी धर्म बदलावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्ही शिवभक्त आहोत आणि शिवभक्तच राहू. परंतु दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील दिव्याने एखाद्याचा अंधार उजळला असेल, तर तो उजेड नाकारणे हीही एक प्रकारची नास्तिकताच नव्हे काय? भक्तीची परीक्षा देवळात होत नाही. ती घरात होते आणि परीक्षक असतात ती आपल्या रागाचे चटके सोसणारी माणसे.

वाचकहो, आज रात्री जागरण कराल, तेव्हा एवढेच करा. घरातल्या सर्वांत अबोल माणसाला जवळ बसवून विचारा, "इतक्या शिवरात्री झाल्या, माझा राग काही उणावला का?" जे उत्तर येईल, ते नीळकंठाप्रमाणे कंठात धरा. उलटून बोलू नका. आमच्या मते आजच्या उपवासाची खरी सांगता तीच होय.