उपयोग काय?

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या पाहून ज्याच्या मनात पहिला प्रश्न 'एवढे रुपये कुणाच्या खात्यात?' असा येतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. आणि अशी माणसं माझ्या डावीकडच्या टेबलावर आहेत, उजवीकडच्या टेबलावर आहेत, आणि काउंटरपलीकडच्या रांगेत तर आहेतच. वीस वर्षं मी हे बघतोय. संख्येमागे रुपया लागला की माणूस खुर्चीतून उठतो. रुपया काढून घ्या, लगेच तीच संख्या त्याला बेवारशी वाटते. 'उपयोग काय?' म्हणतो.

अहो, जरा नीट बघा तिच्याकडे! सतरा अंकी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं-दहंपासून परार्धापर्यंत जी घरं दिली आहेत, त्यांत परार्धाच्या एकच घर अलीकडे हिचं बिऱ्हाड. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. नऊ एक ओळीनं मांडून आलेल्या संख्येला तिनंच गुणलं की ही जन्माला येते. म्हणजे पूर्ण वर्ग. हिच्या साऱ्या अंकांची बेरीज ८१. आता त्या ८१नं हिलाच भागा. बाकी शून्य! संध्याकाळी कॅश जुळली की आम्हाला जे वाटतं, अगदी तेच इथं वाटतं.

आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो, त्या संख्येचं नाव हर्षद. हर्ष देणारी. हे नाव ठेवलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. देवळालीचे शाळामास्तर, १९३० ते १९६२ शिकवत होते, पदव्युत्तर शिक्षण नाही. आपली ही संख्या कुळानं 'डेम्लो'. हेही कापरेकरांचंच बारसं, आणि नाव घेतलं रेल्वे स्टेशनावरून. जी.आय.पी. रेल्वेच्या काळातलं ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. त्या फलाटावर कापरेकरांना या संख्या सुचल्या. इतरांना तिथं जे सुचतं ते गाडीला उद्देशून असतं आणि छापता येत नाही.

आपल्याकडचे विद्वान या सगळ्याला पोरखेळ म्हणून हसले. मग १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं, आणि नाव जगभर झालं. परदेशी सही असल्याशिवाय आपल्याकडे चेक वटत नाही, दुसरं काय!

एक मित्र म्हणाला, 'अरे, उपयोग सांग ना त्यांना. खिशातल्या कार्डाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांच्या बेरजेतूनच ठरतो, चुकीचा नंबर पकडता यावा म्हणून.' खरं आहे. पण मी नाही सांगणार! कारण मग हे लोक 'अस्सं, मग ठीक आहे' म्हणतील आणि कापरेकरांना माफ करून टाकतील. माफी कशाबद्दल? मास्तरांनी कुणाचं कर्ज बुडवलं होतं?

बरं, उपयोग विचारणारे हे लोक स्वतः काय करतात? गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरतात! म्हणजे अंक मिळवायला यांनाही येतं, नुसत्या बेरजेवर भागत नाही इतकंच. तीतून नशीब निघावं लागतं. मग माझी ही संख्या घ्या की. बेरीज ८१, आठ नि एक नऊ. सतरा अंक पाटीवर मावतात का, तेवढं फक्त आरटीओत विचारून या.