शिकलगाराला नुसतं ऑपरेटर म्हणून कसं चालेल?

शिकलगार हे आडनाव सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या माणसाला नवं नाही. पण त्याचा अर्थ विचारला तर पुष्कळदा शिकलगारांच्या पोरांनाही सांगता येत नाही. 'सैकल' हा मूळ अरबी शब्द. अर्थ घासून चकाकी आणणं. त्याला फारसी 'गर' जोडला गेला आणि मराठी तोंडात त्याचा शिकलगार झाला. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती राखणारा, त्यांना धार देणारा माणूस. सूफींनी मनाचा आरसा लख्ख करण्यासाठी हाच 'सैकल' शब्द वापरला, यावरून त्या कामाचा मान कळावा.

हे काम संपलेलं नाही. भोसरी, चाकण, वाळूजच्या शेडमध्ये ते रोज तीन शिफ्टमध्ये चालतं. आता पातं पोलादाचं नाही, कार्बाइडचं आहे आणि साण दगडाची नाही, हिऱ्याच्या भुकटीची आहे. मशीन सीएनसी आहे. तिच्यासमोर उभा असलेला माणूस मात्र, आडनाव शिकलगार असो, कांबळे असो की पाटील, ओळखपत्रावर फक्त 'ऑपरेटर' असतो. त्याच्या कामाला ज्ञान म्हणायचं की मजुरी, हा प्रश्न मला गेली वीस-बावीस वर्षं या धंद्यात राहून छळतो आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे. ते ज्ञान आहे, आणि त्याला मजुरी म्हणण्यात कामगाराचं नुकसान आहेच, धंद्याचंही आहे.

आधी काम काय ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. कार्बाइडला आपल्याकडचे जुने फिटर अजून 'विडिया' म्हणतात. हे जर्मनीतल्या क्रुप कंपनीचं 1920च्या दशकातलं व्यापारी नाव. 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांतून ते तयार केलं. टंगस्टन कार्बाइडचे अतिबारीक कण कोबाल्टमध्ये बांधून, भट्टीत भाजून हा पदार्थ बनतो. हातात घेतला की त्याच मापाच्या लोखंडी रॉडच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. कठीण इतका की साध्या ग्राइंडिंग व्हीलला दाद देत नाही, डायमंड व्हीलच लागतं. आणि ठिसूळ इतका की टेबलावरून फरशीवर पडला तर धारेचा टवका गेलाच म्हणून समजा.

बाजारात तयार ड्रिल मिळतात. पण गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याला पुष्कळदा तसं चालत नाही. त्याला एकाच ड्रिलने भोक, वरची पायरी आणि तोंडाचा चॅम्फर असं सगळं एका फटक्यात हवं असतं, कारण टूल बदलण्यात गेलेला प्रत्येक सेकंद हजारो नगांवर मोजला जातो. मग ड्रॉइंग आमच्याकडे येतं. याला आम्ही 'स्पेशल' म्हणतो.

एक साधं उदाहरण घेऊ. एम-8 आट्याचं भोक पाडायचं आहे. पुढे 6.8 मिलिमीटरची पायरी, मागे 90 अंशाचा चॅम्फर, आणि रॉड 10 मिलिमीटरचा. रॉडच्या आत कूलंटसाठी दोन बारीक भोकं असतात आणि ती सरळ नसतात, रॉड बनतानाच 30 अंशाच्या पिळात वळवलेली येतात. म्हणजे दर 54.4 मिलिमीटरला एक फेरी. आता ड्रिलच्या अंगावरची फ्लूट, म्हणजे चिप बाहेर येण्याची पिळदार खाच, याच पिचने घ्यावी लागते. पिच थोडा चुकला की व्हील थेट कूलंटच्या भोकात शिरतं आणि महागडा रॉड भंगारात जातो. बरं, पिच तोच ठेवला तरी पुढच्या 6.8 च्या पायरीवर पिळाचा कोन 30 राहत नाही, साधारण 21 वर येतो. म्हणजे प्रत्यक्ष कापणारी धार ड्रॉइंगवर लिहिलेल्या कोनापेक्षा बोथट पडते. ते टोकाशी गॅश घेऊन भरून काढायचं, की पायरीची मापं बदलायला गिऱ्हाइकाला सांगायचं? हा निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो.

"सॉफ्टवेअर घेतं की!" असं मला नेहमी ऐकवलं जातं. जर्मनीची वॉल्टर असो, ऑस्ट्रेलियाची अँका असो की स्वित्झर्लंडची रोलोमॅटिक, या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रिल स्क्रीनवर आधीच घडवून बघता येतं. व्हील कुठे धडकणार तेही दिसतं. हे खरं आहे आणि त्याचं मला कौतुकही आहे. पण सॉफ्टवेअर विचारतं, उत्तर माणूस देतो. टोकाचा कोन 140 की 118? मधला गाभा किती जाड? धारेमागे किती उतार? धार ब्रशने किती मायक्रॉन गोल करायची? ॲल्युमिनियमला धार तीक्ष्ण आणि खाच गुळगुळीत लागते, नाहीतर धातू धारेलाच चिकटून बसतो. पोलादाला तीच तीक्ष्ण धार दिली तर ती पहिल्या काही भोकांतच चुरते. शिवाय व्हील झिजतं, आणि झिजलेल्या व्हीलने गाभा जाड होत जातो. सकाळी पहिला नग बरोबर आला म्हणून संध्याकाळचा शंभरावा बरोबर येईलच असं नाही. डायमंड व्हीलचं तोंड बंद होऊ लागलं की ग्राइंडिंगचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकून मशीन थांबवणारा आणि ड्रेसिंग स्टिक लावणारा कान अजून कुठल्या कंपनीने विकायला काढलेला नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका कारखान्याचं स्टेनलेस स्टीलचं काम होतं. ड्रिल त्यांच्याच ड्रॉइंगप्रमाणे बनवलेलं, पण दर बारा-पंधरा नगांनंतर मोडायचं. तिथल्या इंजिनिअरांनी स्पीड बदललं, फीड बदललं, कोटिंग बदलून मागितलं. शेवटी आमच्या शॉपमधल्या, आयटीआय झालेल्या एका पोराने मोडक्या तुकड्यांसोबत चिपाही मागवल्या. चिपा लांब, दोरीसारख्या होत्या. तो म्हणाला, "धार चांगली आहे, गळा आवळतोय." त्याने खाच मागच्या बाजूला मोकळी केली, टोकाचा गॅश वाढवला, धारेचा आकार असा दिला की चिप वळून तुटावी. ड्रिल मोडायचं थांबलं. गिऱ्हाइकाने नवं ड्रॉइंग कायम केलं. त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन' असा एक चौकोन असतो. त्यात नाव आलं ते कारखान्याच्या ऑफिसात बसणाऱ्या एका साहेबांचं. पोराचं नाव कुठेच नाही. त्याच्या पगारवाढीच्या कागदावर शेरा होता, 'काम समाधानकारक'.

यात कुणा एकाची लबाडी होती असं मला म्हणायचं नाही. साहेबांना तो चौकोन आपला वाटतो आणि पोराला तो आपला वाटतच नाही, दुखणं इथे आहे. आपल्या समाजात हाताने केलेल्या विचाराला विचार म्हणायची पद्धत नाही. सुताराने, लोहाराने, विणकराने डोकं लावलं तर त्याला आपण 'हाताचा गुण' म्हणतो. तेच डोकं टेबलामागे बसून लावलं की ते डिझाइन होतं. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या देशात याचं नवल नाही. मुसलमानही या बाबतीत वेगळे निघाले नाहीत. आपल्या लग्नाच्या बैठकीत 'कारखान्यात आहे' हे वाक्य किती हळू आवाजात बोललं जातं, ते आठवून पाहा. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने स्वयंरोजगार आणि कारागिरीवर जगणाऱ्या मुसलमानांचं मोठं प्रमाण नोंदवलं. आपण त्यातलं मागासलेपण तेवढं वाचलं, त्यात साठलेलं हुनर वाचलं नाही.

पण दोष सगळा वरच्यांवर ढकलून चालणार नाही. जुन्या उस्तादांनीही विद्या घरात कोंडली. पाणी किती द्यायचं, साण कशी फिरवायची, हे बापाने मुलाला सांगितलं आणि कागदावर कधी उतरवलं नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या हातातली हत्यारं गेली, तलवारीचं काम आटत गेलं, आणि शिकलगार सुऱ्या-कात्र्यांकडे, कुलपं-चाव्यांकडे वळला. जे लिहिलेलं नव्हतं ते त्याच्याबरोबर विरलं. आजही तेच चालू आहे. मालक पॅरामीटर पासवर्डमागे ठेवतो, ऑपरेटर आपली डायरी खिशात ठेवतो. दोघं एकमेकांना घाबरतात.

मालकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. "दोन वर्षं शिकवतो आणि तीन हजार जास्त मिळाले की पोरगं पलीकडच्या गाळ्यात जातं." खरं आहे. मग त्याला थांबावंसं वाटेल असं आपण काय देतो? कोटीच्या घरातली मशीन घेताना कर्ज काढतो. तिच्यावरच्या माणसाला टूल भूमितीचं आठवड्याचं प्रशिक्षण द्यायचं म्हटलं की खर्च आठवतो.

आणि हा प्रश्न फक्त मानाचा नाही, छातीचाही आहे. कार्बाइड घासताना कोबाल्टचा अंश हवेत आणि कूलंटमध्ये जातो. पाण्याच्या कूलंटमध्ये कोबाल्ट विरघळतो, म्हणून या कामाला तेल वापरतात. पण तेलाचं धुकं होतं आणि दार उघडलं की ते थेट तोंडावर येतं. कठीण धातूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2006 मध्ये टंगस्टन कार्बाइडसह असलेल्या कोबाल्टला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. तरी किती छोट्या शेडमध्ये धुकं ओढणारं यंत्र चालू असतं? फिल्टर वेळेवर बदलला जातो? ज्याला आपण डिझाइनर मानतो त्याच्या छातीची काळजी घेतो. ज्याला बटण दाबणारा मानतो, त्याच्या जागी दुसरा मिळतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ड्रॉइंगच्या चौकोनात ज्याने भूमिती ठरवली त्याचं नाव लिहा. प्रत्येक स्पेशल ड्रिलमागे काय बिघडलं, काय बदललं, किती भोकं झाली, हे शॉपच्या वहीत मराठीत लिहून ठेवा, आणि ती वही मालकाची न राहता शॉपची राहू द्या. आयटीआयमध्ये ग्राइंडरचा ट्रेड आहे, छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथल्या पोरांना धारेचं गणित त्यांच्या भाषेत मिळू द्या. मिस्ट कलेक्टर ही मेहेरबानी नाही, मशीनचाच भाग आहे, तो मशीनच्या किमतीतच धरा.

आणि आपल्या मोहल्ल्यातल्या आई-बापांना एक सांगणं. मुलगा टूल ग्राइंडिंगला लागला तर आवाज खाली नेऊ नका. फक्त त्याला विचारा की तो नुसती सायकल स्टार्ट करतो, की धार का टिकते आणि का तुटते हे त्याला कळतं. दुसरं कळत असेल तर तो शिकलगार आहे, आणि हा शब्द खालच्या आवाजात बोलायचा नाही.