पाबळची विहीर आणि जगाचें इंधन

जगाचें इंधन आणखी किती वर्षें पुरेल, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वरचेवर विचारला जातो, आणि त्याचें उत्तर बहुधा कोष्टकांच्या रूपानें मिळतें. कोळसा इतके टन, तेल इतकीं पिंपें, सूर्यापासून इतकी वीज. हीं कोष्टकें उपयुक्त खरीं. परंतु त्यांत पुरवठ्याकडे जितकें लक्ष दिलेलें असतें तितकें मागणीकडे नसतें. मागणी ही जणू दैवाधीन गोष्ट आहे, ती वाढावयाचीच, आपण फक्त भांडीं मोठीं करीत जावीं, असें गृहीत धरलेलें असतें. मागणी वाढते कशी हें पाहावयाचें असल्यास जगाच्या नकाशापेक्षां एखादें लहानसें गांव निरखणें अधिक सोयीचें. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत, पाबळ गांवीं, घेऊन जात आहों.

मस्तानीच्या समाधीमुळें पाबळचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथपर्यंत येतां येतां विरळ होतो, आणि जमिनीखालीं काळा कातळ असल्यामुळें मुरलेलें पाणी त्याच्या भेगांतून काय राहील तेवढेंच. अशा या कोरडवाहू गांवीं १९८३ मध्यें डॉ. श्रीनाथ कलबाग हे सपत्नीक येऊन राहिले. अमेरिकेंत डॉक्टरेट मिळविलेले आणि मुंबईंत एका मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेंत काम केलेले हे शास्त्रज्ञ वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास खेड्यांत आले ते विज्ञान आश्रम काढण्यासाठीं. शाळेंत ज्यांचें मन रमलें नाहीं अशा मुलांनीं हातानें काम करीत विज्ञान शिकावें, ही त्यांची कल्पना. यंत्रकाम, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य आणि ऊर्जा व पर्यावरण असे त्या शिक्षणाचे चार भाग. जमिनीचा विद्युत्-रोध मोजून खालीं पाणी असण्याचा संभव किती, हें अजमावण्याचें साधनही तेथें वापरांत आणलें गेलें. कलबाग २००३ मध्यें वारले. आश्रमाचें काम चालू आहे.

ऊर्जा हा विषय दहावीच्या आधीं शाळा सोडलेल्या मुलास शिकवितां येतो, याचें कारण तो त्याच्या विहिरींतच आहे. पूर्वीं या भागांत पाणी मोटेनें काढीत. बैलजोडीला धावेवर जितकें चालतां येई तितकीच विहीर खोल, आणि बैलांना जितका दम तितकेंच पाणी. त्या पद्धतींत कष्ट अतोनात होते आणि त्यांचें कोणीं गोडवे गावे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तींत उपशाला एक स्वाभाविक मर्यादा होती. पुढें तेलाचें एंजिन आलें. पुण्यांत किर्लोस्करांनीं तें बनविण्याचा स्वतंत्र कारखाना १९४६ मध्यें काढला. १९६० मध्यें राज्याचें वीजमंडळ स्थापन झालें आणि त्यानंतर गांवोगांव विजेची मोटर पोहोंचली. बैल दमे, मोटर दमत नाहीं. शिवाय पुष्कळ ठिकाणीं शेतीपंपाच्या विजेचा आकार मीटरावर न होतां मोटरीच्या अश्वशक्तीवर होऊं लागला, म्हणजे एक तास चालविली काय आणि आठ तास चालविली काय, खर्च तोच. विहिरीचें पाणी खालीं गेलें तेव्हां विहीर खोल केली; तीही आटली तेव्हां बोअर घेतला.

आतां हिशेब पाहा. एक एकर रानास दोन इंच पाण्याची एक पाळी द्यावयाची तर सुमारें दोन लाख लिटर पाणी लागतें. तें दहा मीटर खोल विहिरींतून काढावयाचें, आणि मोटर व पंप मिळून विजेपैकीं चाळीस टक्के कामीं आणतात असें धरलें, तर सुमारें १४ युनिटें खर्च होतात. तेंच पाणी शंभर मीटर खोलीवरून काढावयाचें तर सुमारें १४० युनिटें. असा बोअर आज दक्खनच्या पठारावर कोणास नवलाचा वाटत नाहीं. रान तेंच, पीक तेंच, धान्याचा दाणाही अधिक नाहीं; परंतु वीज दसपट. सरकारी कोष्टकांत मात्र या दसपटीची नोंद "ग्रामीण भागांतील वाढता वीजवापर" अशी होते, आणि वाचणारा तिला प्रगति समजतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. मागणी दोन प्रकारांनीं वाढते. अंधाऱ्या घरांत दिवा लागला, जात्यापुढें बसणारीच्या जागीं गिरणी आली, चुलीच्या धुरांतून डोळे सुटले, ही एक वाढ. तिनें माणसाचें ओझें कमी होतें. दुसरी वाढ खोल गेलेल्या विहिरीची. आधींच्या उधळपट्टीनें जें दूर गेलें तेंच पुन्हां हातीं यावें म्हणून अधिकाधिक शक्ति खर्चावयाची. पहिली वाढ म्हणजे कमाई. दुसरी म्हणजे जुन्या कर्जावरचें व्याज. घरखर्चाच्या वहींत आपण या दोन रकमा एका रकान्यांत कधीं मांडणार नाहीं. जगाच्या वहींत मात्र त्या सर्रास एकत्र मांडल्या जातात.

पाबळच्या बोअरची हीच कथा जगाच्या तेलाची आहे. १८५९ मध्यें अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत ड्रेक यानें खणलेल्या प्रसिद्ध विहिरीस अवघ्या सत्तर फुटांच्या आंत तेल लागलें. आपल्याकडे १९७४ मध्यें बॉम्बे हायचें तेल सांपडलें तें मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटर समुद्रांत, तळाच्याही पुष्कळ खालीं. हल्लीं तर समुद्राच्या पाण्याचीच खोली एक-दोन किलोमीटर असलेल्या जागीं छिद्रें पाडतात. इंधन मिळविण्यासाठींच इंधन जाळण्याचें प्रमाण अशा रीतीनें वाढत जातें.

नवें इंधन आलें म्हणजे जुनें आपोआप निवृत्त होईल, अशीही एक समजूत आहे. इतिहास तिला अनुकूल नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत नवी सून आली म्हणून सासूबाई कांहीं घर सोडीत नाहींत. स्वयंपाक मात्र वाढतो. १९०० च्या सुमारास कोळसा हें जगाचें मुख्य इंधन होतें. त्यानंतर तेल आलें, वायु आला, अणुशक्ति आली. आणि आज जग १९०० सालच्या दसपटीहून अधिक कोळसा जाळतें. लांकूड व शेण यांवर रांधणारीं माणसें अद्यापि दोनशें कोटींच्या घरांत आहेत. आपल्या देशांत २०२५ मध्यें वीजनिर्मितीच्या एकंदर क्षमतेपैकीं निम्मी कोळसा, तेल व वायु यांवांचूनची झाली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु २०२४-२५ या त्याच सुमाराच्या वर्षीं देशांतील कोळशाच्या उत्पादनानें शंभर कोटी टनांचा आंकडा प्रथमच ओलांडला. काटकसरीच्या यंत्रानेंही हा प्रश्न सुटत नाहीं, हें इंग्लंडांत विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यानें १८६५ मध्येंच दाखवून दिलें होतें. वाफेचें एंजिन जसजसें थोड्या कोळशावर चालूं लागलें तसतशीं एंजिनें वाढलीं, आणि एकंदर कोळसा अधिकच जळला. ठिबक सिंचनानें वांचलेलें पाणी आणखी दोन एकर उंसास देणारा शेतकरी हा याच नियमाचें उदाहरण होय.

यांत शेतकऱ्यासच दोष द्यावा, असा आमचा हेतु नाहीं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी झाली तेव्हां टाटा कंपनीनें घाटमाथ्यावर तलाव बांधून १९१५ मध्यें खोपोलीचें वीजघर चालू केलें. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यांत वाहून जावयाचें पाणी त्यासाठीं पश्चिमेस कोंकणांत उतरविलें गेलें. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापट व मावळे यांनीं १९२१ पासून सत्याग्रह केला. तरी धरण झालें. पाबळ त्याच भीमेच्या खोऱ्यांत मोडतें. शहरांतील दिव्यांचा उजेड कोणाच्या तरी शिवारांतून आलेला असतो, हें पुण्यामुंबईच्या वाचकांनीं विसरूं नये.

तसेंच मागणी सरसकट दाबावी, असेंही म्हणतां येणार नाहीं. १९४७ मध्यें भारतांत दरडोई वर्षाला सोळा युनिटें वीज वापरली जाई. आज ती १,४०० च्या आसपास आहे. अमेरिकेंत तोच आंकडा बारा हजारांच्या वर आहे. ज्यांच्या पानांत अद्यापि अर्धी भाकरी आहे त्यांस उपवासाचें माहात्म्य सांगणें शोभत नाहीं. प्रश्न इतकाच कीं वाढणाऱ्या युनिटांपैकीं कमाईचीं किती आणि व्याजाचीं किती.

हा प्रश्न आज तातडीचा होण्याचें कारण सूर्य. २०१० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सौर पॅनेलांची किंमत पूर्वीच्या एकदशांशाच्या आसपास उतरली. शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यांत, राळेगणसिद्धी येथें, शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या सरकारी योजनेचा आरंभ २०१७ मध्यें झाला, आणि आतां ती राज्यभर पसरत आहे. रात्रीं-अपरात्रीं, विंचूकाट्याच्या भयांत, पाणी धरावयास जाणें ज्यांच्या नशिबीं होतें त्यांना याचें मोल काय तें ठाऊक. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें वीजबिलही राज्य सरकारनें माफ केलें. धूर नाहीं, बिल नाहीं, रात्रीची जागरणें नाहींत. परंतु बैलाचा दम गेला, तेलाची किंमत गेली, आतां बिलाचाही लगाम गेला. तेव्हां पाण्यास राखणार कोण? सूर्य उद्यां पुन्हां उगवेल. कातळाच्या भेगांत वर्षांनुवर्षें सांठलेलें पाणी एकदां उपसलें म्हणजे पुढचा चांगला पावसाळाही तें पुरतें भरून देईलच असें नाहीं.

याचें उत्तर नगर जिल्ह्यांतीलच हिवरे बाजार या गांवानें दिलेलें आहे. तेथें पाऊस मोजतात, त्यावरून त्या वर्षीं पाणी किती याचा ताळेबंद गांवापुढें मांडतात, आणि मग पिकें ठरवितात. शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं, हा गांवाचा नियम आहे. अर्थात् पाणी वर राहतें, आणि जें वर राहतें तें उपसण्यास वीजही थोडी लागते. विजेचा प्रश्न तेथें वीजघरांत सुटला नाहीं, ग्रामसभेंत सुटला. पाबळच्या आश्रमांत मुलास मोजावयास शिकवितात, आणि हिवरे बाजारांत मोजलेल्या आंकड्याचा मान राखतात. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच सूर्यापासून मिळणारी वीज जुन्या इंधनाची जागा घेईल. एरवीं ती केवळ आणखी एक सून ठरेल.

आमच्या वाचकांच्या घरींही खोल गेलेल्या विहिरी आहेत. अंगणांतलें झाड तोडून तेथें मोटारीसाठीं फरशी केली, पश्चिमेच्या भिंतीस मोठी कांच बसविली, आणि मग दिवाणखाना तापतो म्हणून थंड हवेचें यंत्र आणलें, हें व्याजच. गच्चीवरील टांकी भरून वाहत असतां कोणी लक्ष देत नाहीं, तेंही व्याज. कारण दहा हजार लिटर पाणी तीस मीटर चढविण्यास सुमारें दोन युनिटें जातात. उलट आजींच्या खोलींत रात्रभर मंद दिवा ठेवला, किंवा धुण्याचें यंत्र घेऊन सुनेचे दोन तास मोकळे केले, तर त्या युनिटांबद्दल कोणीं कुरकुर करूं नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाणसामानाची वही ज्या घरांत अद्यापि लिहितात तेथें तिच्याच शेवटच्या पानावर दर महिन्याच्या एक तारखेस मीटरचा आंकडा लिहावा. हें काम घरांतील शाळकरी मुलामुलींकडे द्यावें. आंकडा वाढला असेल तर कां वाढला तें रात्रीं जेवतांना सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि त्यापुढें "कमाई" किंवा "व्याज" यांपैकीं एक शब्द लिहावा. एक वर्षभर हा क्रम चालविल्यावर व्याजाच्या रकान्यांत काय काय जमलें, हें वाचकांनीं आम्हांस अवश्य कळवावें.