शेळ्यांनी कुंपण खाल्लं, त्याची गोष्ट

'कुंपणानंच शेत खाल्लं' ही म्हण शाळेत आपण सगळ्यांनीच वाक्यात उपयोग करून लिहिलीय. माझ्या केसमध्ये शेत एकदम सेफ होतं. खाल्लं गेलं ते कुंपण. तेही दीड तासात, फुलांसकट.

झालं असं, की रिटायरमेंटनंतर आई-बाबांनी तळेगावला छोटंसं घर बांधलं. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, रस्त्याकडची साठ फूट मात्र सताड उघडी. बाबांनी कंपाउंड वॉलचं कोटेशन मागवलं. आकडा असा, की एक एफडी मोडावीच लागणार. आता घरात एक पर्यावरणवाली मुलगी असताना असं होऊ द्यायचं का? मी जाहीर केलं, ''भिंत कॅन्सल. आपण हेज लावू. ग्रीन पण, स्वस्त पण.'' होळीच्या लाँग वीकेंडला ४० रुपयांना एक अशी ६० जास्वंदीची रोपं आणली. २,४०० रुपये. नर्सरीवाला म्हणाला, ''मॅडम, पावसाळ्यापर्यंत भिंत होईल बघा.'' मी दर रविवारी जाऊन पाइपनं वरवर पाणी मारून यायचे आणि फोटो काढायचे. तिसऱ्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये आईचा फोन, ''अगं, तुझ्या हेजवर पंगत बसलीय!''

शेळ्यांच्या मालकाशी भांडायला मी शनिवारी तावातावानं गेले. त्या आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''ताई, जास्वंद म्हंजे शेरडांचा खाऊ. खाऊ रस्त्यावर मांडला तर ती काय करणार? अडुळसा लावा की. शेरडू तोंड लावत नाही. आन् इकत कशाला आणता? पाऊस पडू द्या, फांद्या देतो.''

बॉस, मास कॉमची पदवी एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे.

अडुळसा कडू असतो, म्हणून जनावरं त्याच्या वाटेला जात नाहीत. निर्गुडीचंही तसंच, तिचा वासच उग्र. दोन्ही आपल्याकडची झाडं, दोन्ही फांदीपासून येतात, म्हणजे खर्च शून्य. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस चांगले झाले आणि आजोबांनी शब्द पाळला. पेन्सिलपेक्षा थोडी जाड, आठ-दहा इंचांची, तीन-चार डोळे असलेली काडी घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. निम्मी काडी मातीत, डोळ्यांची तोंडं वर. (मी पहिल्या दहा उलट्या लावल्या होत्या. हसा.) त्याआधी हद्दीच्या दोन फूट आत फूटभर खोल चर खणून घेतला, कारण कुंपण पसरतं आणि रस्त्यावर आलं की भांडणं होतात. चरात माती आणि शेणखत. मग दोन ओळी, एकीच्या फटीसमोर दुसरीचं झाड, अशा नागमोडी. दीड-दीड फुटावर एक धरून साधारण ८० काड्या लागल्या. खर्च काय, तर चर खणणाऱ्या दादांची दोन दिवसांची मजुरी आणि खताची दोन पोती.

आतल्या बाजूला करवंदं हवीच, हा आईचा हट्ट. मे महिन्यात खाल्लेल्या करवंदांच्या बिया तिनं धुऊन लगेच पिशव्यांत लावल्या होत्या. ताज्याच लावाव्या लागतात, ठेवून दिल्या की उगवत नाहीत. करवंद वाढतं कासवासारखं, पण एकदा वाढलं की त्या काट्यांतून मांजरसुद्धा विचार करून जाईल.

करवंदावरून आठवलं. ब्रिटिशांनी मिठाचा कर चुकवून येणारं मीठ अडवायला उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात शेकडो मैलांचं कुंपण उभारलं होतं. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले ए. ओ. ह्यूम तेव्हा या खात्याचे कमिशनर होते. आधी नुसत्या वाळक्या काट्यांची रास होती. ती सारखी नव्यानं रचावी लागते, हे बघून ह्यूमसाहेबांनी जिवंत कुंपणावर जोर दिला. १८७९ मध्ये सगळंच सोडून दिलं. आपल्याला साठ फूट जमेनात आणि ही मंडळी देश कुंपणात घालत होती. तेही मिठासाठी!

असो. पहिलं वर्ष खरं टेन्शनचं. अडुळसा शेळी खात नाही, पण तुडवते तर नक्कीच. शिवाय टू-व्हीलर पार्क करणारे असतातच. विकतची हिरवी जाळी बघितली, मग शेतकरी रानडुकरांसाठी करतात ती युक्ती उचलली. बांबू रोवून दोरीवर आईच्या जुन्या साड्या बांधल्या. सहा महिने आमचं घर लग्नघर वाटत होतं. बुंध्याशी पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर (खोडाला न चिकटवता) आणि उन्हाळ्यात पाइप अगदी बारीक सोडून आठवड्यातून दोनदा चर पूर्ण भिजेल इतकं पाणी. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात. जास्वंदीला मी तेच केलं होतं.

सगळ्यात मोठा राडा झाला तो कात्रीवरून. काड्या फूटभर वाढल्या आणि मी शेंडे छाटायला घेतले. बाबा हादरले. ''अगं, वाढू दे की बिचाऱ्यांना!'' पण शेंडा खुडला नाही तर झाड सरळ वर पळतं आणि खाली भोकं राहतात. आकारही खाली रुंद, वर अरुंद हवा, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

८० पैकी ५७ जगल्या. पुढच्या जूनमध्ये छाटणीच्याच काड्यांनी मोकळ्या जागा भरल्या. आता कुंपण माझ्या खांद्याला लागतं. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. आजोबांच्या शेळ्या रोज समोरून जातात. एखादी नवशिकी पान चाखून बघते आणि तोंड वाकडं करून पुढे जाते.

तुम्हालाही लावायचंय? मग दोनच गोष्टी टाळा. घाणेरी, कारण ती तुमचं कुंपण ओलांडून आख्खी टेकडी खाते. आणि घरात लहान मुलं असतील तर शेर, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागतो.

गेल्या महिन्यात भिंतवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा पुन्हा फोन आला होता, रेट कमी करतो म्हणून. मी बाबांकडे बघत होते. ते म्हणाले, ''आत्ता नाही हो जमायचं. आत बुलबुल बसलाय अंड्यांवर.''